बदकाचं निशाण

"वाघाला वरणभात घाला," आक्का म्हणाल्या.

"आक्का, वाघ हाय त्यो," माझा थोरला भाऊ दौलूदादा म्हणाला.

"मग? तू मानूस असून चार दिस वरणभातच खातोयस न्हवं? त्याला काय सोनं लागलंय?"

आणि सुलतान वरणभात खायला लागला बघा. पहिल्या दिवशी नुसता हुंगला. दुसऱ्या दिवशी भात खाल्ला, वरण ठेवलं. तिसऱ्या दिवशी पातेलं चाटून लख्ख केलं आणि वर लिंबाची फोड मागितली. लिंबाचं खोटं आहे. बाकी सगळं खरं.

ब्रह्मदेशातली गोष्ट ही. मी सतरा वर्षांची होते. आमची कृष्णाकाठ सर्कस तासगावाकडून निघून मजल दरमजल करत इरावती नदीवर पोचली होती. इंग्रज जाऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं आणि तिथल्या लोकांची आपापसातच जुंपली होती. अलीकडच्या काठावर सरकारी फौज, पलीकडच्या काठावर बंडवाले, आणि नदीच्या मधोमध उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळवंटावर आम्ही! एक तंबू, एक वाघ, एक हत्तीण, सात घोडी आणि एकोणतीस माणसं. आमची आगबोट तिथंच नांगर टाकून उभी. हलली की दोन्ही काठांवरून गोळ्या. सव्वीस दिवस असे गेले. सकाळी उठून बघावं तर तंबूला नवीन भोकं पडलेली. आक्का म्हणायच्या, "बरं झालं, वारा येतोय."

आक्का म्हणजे आमच्या मालकीणबाई. मालक रंगूनला तापानं गेले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी बाईंनी मालकांचा लाल कोट अंगात घातला, नऊवारीवरच, आणि रिंगणात उभ्या राहिल्या. चाबूक मात्र घेतला नाही. म्हणायच्या, माझी जीभ हाय की.

अडकून पडण्याचं आम्हाला काही वाटलं नसतं. सर्कशीचं माणूस वाळूतही संसार मांडतं. पण दौलूदादाची बायको, सरसवहिनी, दिवस भरत आलेली होती. सव्विसाव्या सकाळी आक्कांनी तिच्या पोटावरून हात फिरवला, दोनदा फिरवला, आणि राहुटीबाहेर येऊन हात धुतले.

"पोर आडवं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "हितं न्हाई सुटायची ती. दवाखाना पायजे."

दवाखाना होता, नदीच्या खालच्या अंगाला, आगबोटीनं सहा तासांवर. ख्रिस्ती जोगिणींचा मिशन दवाखाना. दादानं ऐकलं आणि मटकन वाळूत बसला. शंभर किलोच्या माणसाला झुल्यावर उलटं लटकून झेलणारा माझा भाऊ, उठायला त्यानं माझा हात मागितला.

आगबोट चालवणारा सारंग नूरमियाँ चाटगावचा. त्याला तिथली भाषा यायची आणि हिंदुस्थानीही. आक्कांनी त्याला होडीतून आधी एका काठाला धाडलं, मग दुसऱ्या. दुपारी तो परत आला तो कपाळाला हात लावूनच.

"बाई, दोनो पागल है. फौजेचा कप्तान म्हणतो, बोट सोडतो, पण आधी माझ्या माणसांना खेळ दाखवा, महिनाभर नुसता तंबू बघतोय. बंडवाल्यांचा म्होरक्या तेच म्हणतो. आणि दोघं म्हणतात, पलीकडच्यांना आधी दाखवलात तर तुम्ही त्यांचे."

आक्कांनी तोंडातलं पान थुंकलं. "मग दोगांस्नी एकदमच दावू."

"एका तंबूत?"

"मग दुसरा तंबू तुझ्या बानं आणलाय व्हय?"

नूरमियाँ पुन्हा गेला. काय बोलला अल्लालाच ठाऊक, पण दोघं कबूल झाले. दुसऱ्या दिवशी चार वाजता, उजेडी, कारण दिव्याला तेल नव्हतं. फौजेनं पूर्वेच्या दारानं यायचं, बंडवाल्यांनी पश्चिमेच्या. बंदुका दाराबाहेर ठेवायच्या. का, तर आमच्या हत्तिणीला बंदुकीच्या दारूचा वास सोसत नाही, ती पिसाळते. आमची हत्तीण मालकांच्या विड्या सोंडेनं ओढायची, तिला कसला वास सोसत नाही! पण हत्तीला कोण खोटं पाडणार?

त्या संध्याकाळी आक्का कार्यक्रमाचा कागद घेऊन बसल्या. भीती एकाच गोष्टीची होती. आवाज.

"तोफेचा खेळ काढा," त्या म्हणाल्या. काढला.

"पेटत्या चाकातली उडी." काढली.

"सुरवातीचा ढोलाचा कडकडाट नको. पेटी वाजवा नुसती, भजनावानी."

सगळा कागद दोनदा वाचला. पेन्सिलीनं खुणा केल्या. आणि तरी एक गोष्ट राहिली. कुणाच्या ध्यानातच आली नाही, कारण ती कागदावर नव्हतीच. जोकर सर्कशीच्या कागदावर कधी लिहिलेला नसतो. एक खेळ संपून दुसरा उभा राहीपर्यंत, जाळी बांधायची, पिंजरा लावायचा, तेवढ्या वेळात तो येतो आणि जातो. त्याला कुणी खेळ म्हणत नाही.

आमचा जोकर होता हिंदुराव. नाव एवढं मोठं आणि माणूस साडेतीन फूट. चोवीस-पंचवीसचा असेल. मिशी मात्र नावाला शोभेल अशी. मी झुल्यावरची, पोस्टरवर 'उडती परी मिस हौसा' छापलेली, त्यामुळं माझं नाक जरा वरच असायचं. हा रोज रिंगणात येऊन वर बघायचा आणि ओरडायचा, "हौसाबाई, माझ्यासंगं लगीन करता काय?" मी वरून मान हलवायची, नाही. तंबू हसायचा. मीही हसायची. देश बदलला, भाषा बदलल्या, तरी हे लोकांना कुठंही कळायचं. लाल लुगड्यासारखी विजार आणि तळमळणारा चेहरा, आणखी काय लागतं?

मग तो चिडायचा, पत्र्याची बंदूक काढायचा आणि आभाळाकडं बार टाकायचा. ठो! तो बार झाला की मी वरच्या फळीवरून एक कापडी बदक खाली टाकायचं. पांढरं, पिवळ्या चोचीचं, आत भुसा भरलेलं. बदक त्याच्या टाळक्यावर पडायचं आणि हाच मरून पडायचा. मला त्या कामाचा फार राग यायचा. उडत्या परीनं बदकं टाकायची होय?

"उडायला कुनालाबी येतं, हौशे," तो म्हणायचा. "कावळ्यालाबी येतं. बदक येळेवर टाकाय अक्कल लागते."

त्याची ती बंदूकही अशी खट्याळ, कधी एकदा वाजायची, कधी लागोपाठ दोनदा.

आमच्याकडं एक नेम होता, तोही सांगून ठेवते. रिंगणात पडलात, तर उठून सलाम केल्याशिवाय बाहेर जायचं नाही. हाड मोडलं तरी. मी चौदा वर्षांची असताना जाळीतून उसळून जमिनीवर आपटले होते, मनगट मोडलं होतं. आक्का कडेनं दातओठ खात म्हणाल्या, "सलाम, हौशे. सलाम!" मी डाव्या हातानं सलाम केला, हसले, पडद्याआड गेले आणि मग बेशुद्ध पडले. लोकांना वाटलं, पडणं खेळातलंच. तसंच वाटलं पाहिजे. तिकीट त्याचंच असतं.

तर दुसऱ्या दिवशी चार वाजता तंबू भरला. इकडं दीडशे, तिकडं दीडशे, मधे वीस हातांचं रिंगण. एरवी लोक बसताना गलका असतो. इथं माणसं बसली ती गपगार, रिंगणाकडं नाही, समोरच्या माणसांकडं बघत. बंदुका बाहेर हत्तिणीपाशी रचल्या होत्या खऱ्या, पण लुंग्यांच्या कमरा फुगलेल्या दिसत होत्या. पूर्वेला पहिल्या रांगेत कप्तान, टक्कल लखलखीत, मांडीवर टोपी. पश्चिमेला म्होरक्या, बारीक, चष्मेवाला, शाळामास्तरासारखा. नंतर कळलं, खरंच शाळामास्तर होता.

घोडी फिरली. कुणी टाळी वाजवली नाही. दोन्हीकडची माणसं बघत होती, समोरचे टाळ्या वाजवतात का. सुलतान आला, स्टुलावर बसला, जांभई दिली. वरणभाताची जांभई. तरी गप्प. मी वर फळीवर उभी होते, हातात बदक. समोरच्या झुल्यावर दादा, घामानं निथळत. त्याचे डोळे सारखे सरसवहिनीच्या राहुटीकडं जात होते. खाली माणसं जाळी बांधत होती.

आणि हिंदुराव आला.

"हौसाबाई, माझ्यासंगं लगीन करता काय?"

मी मान हलवली. दोन-चार जण फिसकले. आणि त्याचा हात विजारीकडं गेला, तेव्हा मला कळलं. त्याचा बार काढायचा राहिलाच होता! त्याला कसं कळलं नाही? अहो, तीन वर्षं रोज दोनदा तेच केलेलं, हात आपोआप जातो. लग्नाला नकार आला की बंदूक. ओरडायला मी तोंड उघडलं, तोवर ठो! आणि लगेच दुसऱ्यांदा, ठो!

तीनशे माणसं एका श्वासात उभी राहिली. लुंग्यांतून काय काय निघालं! पिस्तुलं, सुरे, एकाकडं तर हातबाँब. रिंगणाच्या दोन्ही बाजूंनी नळ्या एकमेकांवर रोखलेल्या आणि मधे साडेतीन फुटांचा माणूस, हातात पत्र्याची बंदूक, तिच्या तोंडातून धूर. पेटीवाला थांबला. जाळीची माणसं दोर हातात धरून तशीच.

हिंदुरावानं वर बघितलं. माझ्याकडं. मला कळत होतं त्याला काय हवंय. बदक. बदक पडलं की सगळ्यांना कळणार की ही गंमत आहे. तेवढंच काम होतं माझं, तीन वर्षं नाक मुरडून केलेलं काम.

माझी बोटं उघडेनात.

आता माझ्या नातवंडांना मी इथं सांगते की मी नेम धरला, श्वास रोखला, आणि बदक सोडलं, आणि लढाई थांबली. टाळ्या पडतात. तुम्हाला खरं सांगते. मी त्या बदकाला छातीशी कवटाळून उभी होते, म्हातारी गाठोडं धरते तशी.

खाली हिंदुरावानं एक क्षण वाट बघितली. दोन. मग त्यानं बंदुकीकडं बघितलं, स्वतःकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "क्वॅक."

कुणी हललं नाही.

"क्वॅक?" त्यानं कप्तानाला विचारलं, अगदी अदबीनं. मग वळून शाळामास्तराला. "क्वॅक क्वॅक?"

आणि तो चालायला लागला. तशी चाल मी त्याची कधी पाहिली नव्हती. एक पाय फेंगडा टाकत, ढुंगण एका बाजूला झोकत, हात पंखांसारखे मागं धरून, दर पावलाला तोंड असं वेडंवाकडं करत की जणू त्या बदकाला जगातल्या सगळ्या बंदुकांचा वैताग आला आहे. रिंगणाच्या कडेनं निघाला. प्रत्येक रोखलेल्या नळीपाशी थांबायचा, नळीत डोकवायचा, मान हलवायचा आणि पुढं. एका पोरसवदा शिपायाच्या नळीत तर त्यानं चोच मारली, दाणा टिपावा तशी.

तो शिपाई हसला. दाबायला गेला आणि नाकातून आवाज आला. समोरच्या बाजूचा एक म्हातारा त्याला हसला. मग एकदम फुटलं, धरण फुटावं तसं. आणि त्या हसण्याच्या धक्क्यानं म्हणा, घामानं म्हणा, माझ्या हातातलं बदक निसटलं आणि थेट कप्तानाच्या टकलावर. फट!

पुन्हा गप्प. कप्तानानं बदक उचललं, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि रिंगणापलीकडं शाळामास्तराच्या अंगावर भिरकावलं. मास्तरानं चष्मा सावरला आणि परत भिरकावलं. मग काय विचारता! दोन्हीकडची माणसं उठली, बदक इकडून तिकडं, तिकडून इकडं. ज्या हातांत पिस्तुलं होती त्यांना झेलता येईना, म्हणून त्यांनी ती खाली ठेवली. हे मात्र शब्दन् शब्द खरं आहे. भुसा उडत होता आणि हिंदुराव मधोमध उभा, फाटकवाल्यासारखा हात दाखवत, आता तुमची पाळी, आता तुमची.

शेवटी त्यानं रिंगणाच्या मधे येऊन सलाम केला. पूर्वेला एक, पश्चिमेला एक. मग वर बघून एक मला. आणि तसाच फेंगडत पडद्याआड गेला. पाठीमागं टाळ्या थांबेनात.

नंतर मी उडाले, दादानं झेललं, जमलं सगळं. खेळ संपल्यावर आक्का लाल कोटात पुढं झाल्या आणि नूरमियाँकरवी विचारलं, बोट सोडता ना?

कप्तान म्हणाला, सोडतो, पण ओळखायची कशी? पांढरं निशाण दोन्हीकडच्यांनी इतक्यांदा खोटं लावलं होतं की त्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. मास्तरानं चुरगळलेलं, अर्धा भुसा गळालेलं बदक पुढं केलं.

"हे लावा," तो म्हणाला. "यावर माझी माणसं गोळी घालायची नाहीत."

कप्तान म्हणाला, "माझीही."

मी हसत-नाचत पडद्याआड गेले, हिंदुरावाला सांगायला. तो सुलतानाच्या पिंजऱ्याला टेकून बसला होता. मांडीला आक्कांच्या लाल कोटाखालचा पदर फाडून आवळलेला. खाली वाळू काळी झालेली.

"बदक उशिरा टाकलंस, हौशे," तो म्हणाला.

दुसरा बार त्याच्या पत्र्याच्या बंदुकीचा नव्हताच. कुणीतरी घाबरून गोळी झाडली होती, कुठल्या बाजूनं ते आजवर कळलं नाही. ज्या फेंगड्या चालीवर तीनशे माणसं लोळली, ती चाल त्या गोळीनं दिली होती. लाल विजारीवर रक्त कुणाला दिसलं नाही. मलाही नाही.

मला रडू फुटलं. त्यानं माझं मनगट धरलं, जुनं मोडलेलं तेच.

"गप. भाईर आवाज जाईल. गोळी लागली म्हटलं की दोगं एकमेकांवर ढकलतील, मग कसली बोट आन् कसली वहिनी." मग दम घेऊन म्हणाला, "आन् आणिक एक. जोकराला खरंच लागलं, हे मान्सानं एकदा बघितलं की ते पुन्यांदा हसत न्हाई. कुनाला सांगायचं न्हाई. कंदीच न्हाई."

अर्ध्या तासात बोट सुटली. एका फळीवर सरसवहिनी, दुसऱ्यावर हिंदुराव, आणि डोलकाठीवर ते बदक, एका पायाला दोरी बांधून उलटं टांगलेलं. दोन्ही काठांवर माणसं उभी होती. एकही गोळी आली नाही. एका वळणावर कुणीतरी काठावरून ओरडलं, "क्वॅक!" पलीकडच्या काठावरून उत्तर आलं. फळीवरून वहिनी कळा सोसता सोसता हसली आणि दादा ढसाढसा रडला.

मी हिंदुरावाच्या उशाशी बसले होते. म्हटलं, "ते रोजचं विचारता ना, ते आज विचारा."

"आज हसाय लोक न्हाईत," तो म्हणाला.

"म्हणूनच."

त्यानं विचारलं. मी मान हलवली, या वेळी वरून खाली.

पहाटे जोगिणींनी वहिनीची सुटका केली. मुलगी. नाव सुमन ठेवलं, पण आम्ही सगळे तिला बदकीच म्हणतो. मिरजेला शाळेत मुख्याध्यापिका होती, अजून चिडते. वाळवंटावर दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, आक्कांनी नंतर सांगितलं. पण बोट त्याच बदकाखाली परत येऊन सगळ्यांना नेईपर्यंत तंबूला नवीन भोक पडलं नाही म्हणे.

हिंदुरावाची गोळी हाडापाशी रुतली होती, डॉक्टरणीनं काढली नाही. चाल तशीच राहिली. पुढं तीस वर्षं तीच चाल रिंगणात, आणि सर्कस सुटल्यावर तासगावच्या बाजारात. पोरं मागं लागायची, क्वॅक क्वॅक. मी पायातली चप्पल काढायची.

"हसू दे की," हे म्हणायचे. "चाल नवीन बसवलीया, आवडली त्यास्नी."

लोकांना मी सांगायची, हे घोड्यावरून पडले. कुणाला सांगायची, हत्तिणीनं पाय दिला. एकदा कंटाळून सांगितलं, वाघानं चावलं, वरणात मीठ कमी पडलं म्हणून. खरं कधीच नाही.

चार वर्षांपूर्वी सांगलीच्या दवाखान्यात ह्यांना ठेवलं होतं, शेवटचं. तरुण डॉक्टर फोटो उजेडाला धरून आला.

"आजोबा, मांडीत हे काय आहे? धातूचं काहीतरी दिसतंय."

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार होते, इतक्या वर्षांनी, आता कुणाची बोट अडणार होती? ह्यांनी नुसती भुवई उचलली आणि मी गप्प बसले.

"दाना हाय," हे डॉक्टरला म्हणाले. "लहानपनी बदकाचा खाल्ला व्हता. क्वॅक."

डॉक्टर हसला. एवढा हसला की नर्स आत येऊन बघून गेली. आणि ह्यांनी पडल्या पडल्या दोन बोटं कपाळाला लावून त्याला सलाम केला.